‘नको’ गळालं तर? मीटिंगचं सार काढणारं एआय निवडण्याआधी

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. गाइडबरोबरच्या चर्चा, लॅबची दर आठवड्याची मीटिंग, फील्डवरच्या बैठका, हे सगळं रेकॉर्ड करून सार काढून देणारं कुठलं एआय घ्यावं? विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. एक तर सहा महिन्यांत ते शिळं होतं. दुसरं म्हणजे ही साधनं निवडायची आपली रीतच मला चुकीची वाटते, आणि आजची पोस्ट त्याबद्दल आहे.

तुलनेचे जे तक्ते फिरत असतात ते एकदा नीट बघा. महिन्याला किती मिनिटं फुकट, झूमला जोडतं का, मीटला जोडतं का, कॅलेंडर वाचतं का, सार किती सेकंदांत येतं, पैसे किती. हे सगळं तक्त्यात असतं. मराठी वाक्यातला नकार शाबूत राहतो का, हा रकाना मला अजून कुठल्या तक्त्यात दिसलेला नाही.

लॅबच्या मीटिंगा निम्म्या इंग्रजीत चालतात, त्यामुळे तिथे ही अडचण झाकली जाते. म्हणून उदाहरण गावातलं घेते. दुसरंही कारण आहे: सरकारने नेमकं हेच साधन ग्रामसभांसाठी काढलंय. केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ ला ‘सभासार’ सुरू केलं. ग्रामसभेचं ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओ ई-ग्रामस्वराजच्या लॉगिनवरून चढवायचा, ‘भाषिणी’ त्याचा मजकूर करणार आणि त्यातून सभेचं इतिवृत्त तयार होणार. सुरुवात त्रिपुरातून झाली आणि चालणाऱ्या भाषांत मराठीही आहे. म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ‘प्रोसिडिंग’ म्हणतात ती वही आता मशीन लिहू शकतं.

यात वाईट काय? वरवर बघता काहीच नाही. प्रोसिडिंग आधी लिहून ठेवतात आणि सह्या नंतर गोळा करतात, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. त्यापेक्षा आवाज रेकॉर्ड होणं कधीही बरं. सभासारचं मी स्वागतच करते, पण ते रेकॉर्डिंगसाठी. साराबद्दल माझं मत वेगळं आहे.

आता आमच्या कळंबला या. मंचर आणि नारायणगावच्या मधे, पुणे-नाशिक रस्त्यावरचं आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. भोवती ऊस, आणि उसात बिबटे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. लोकांनी मंचरला महामार्ग अडवला. तेव्हापासून या भागात कुठलीही सभा असली तरी एक मागणी येतेच: शेतीची लाइट दिवसा द्या. कारण लाइट रात्रीची असेल तर मोटर रात्री चालू करावी लागते, आणि बॅटरी हातात घेऊन अंधारात उसाच्या कडेने जावं लागतं. इथे वाक्यातला एक शब्द इकडेतिकडे झाला तर गंमत उरत नाही.

खालचं वाक्य मी रचलेलं आहे, पण या पट्ट्यातल्या कुठल्याही सभेत ते ऐकू येईल:

रात्रीची लाइट नको दिवसा थ्री फेज द्या

सात शब्द. आवाजाचा मजकूर करणारी मॉडेल्स ज्या मापाने तपासतात त्याला ‘वर्ड एरर रेट’ म्हणतात. किती शब्द बदलले, किती गळाले, किती फुकटचे घुसले, यांची बेरीज करायची आणि मूळ शब्दांच्या संख्येने भागायचं. बस, एवढंच.

समजा पहिल्या मॉडेलने लिहिलं: ‘रात्रीची लाइट दिवसा थ्री फेज द्या’. एक शब्द गळाला. सातात एक, म्हणजे १४ टक्के चूक.

दुसऱ्याने लिहिलं: ‘रात्रीची लाईट नको दिवसा थ्रीफेज द्या’. ‘लाइट’ची वेलांटी बदलली, ही एक चूक. ‘थ्री फेज’ जोडून लिहिलं, म्हणजे एक शब्द बदलला आणि एक गळाला, या दोन. सातात तीन, म्हणजे ४३ टक्के.

तक्त्यात पहिलं मॉडेल तिपटीने सरस ठरेल. प्रत्यक्षात दुसऱ्याने वाक्याला धक्काही लावलेला नाही, आणि पहिल्याच्या मजकुरावरून सार निघेल ते असं: ‘ग्रामस्थांनी रात्री व दिवसा वीजपुरवठ्याची मागणी केली.’ छान, शुद्ध, प्रमाण मराठी. वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही.

मराठीत हे जास्त घडतं, कारण आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो, बोलताना अनुस्वार ठेवतो नि लिहिताना मात्रा देतो, आणि इंग्रजी शब्द प्रत्येकजण आपापल्या मर्जीने लिहितो. म्हणजे निरुपद्रवी फरकांनी आकडा फुगतो, आणि त्या गर्दीत ‘नको’, ‘नाही’, ‘नव्हतं’ असा एखादा शब्द गळाला तर सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. संशोधनाची तयारी करताना आपण सरासरी आणि विचलन शिकतो ना, तेच इथे लावा. साधन त्याच्या सरासरी ओळीवरून निवडू नका, सगळ्यात वाईट ओळीवरून निवडा.

आता या आकड्यांमधली खरी मेख. ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ हे मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि खुलं असल्यामुळे बऱ्याच लहानमोठ्या साधनांच्या पोटात जाऊन बसलं. तुलना करण्याआधी मजकूर ‘सारखा’ करून घ्यायची एक पायरी त्याच्याबरोबर येते: विरामचिन्हं काढायची, चिन्हं काढायची. युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचा वर्ग ‘चिन्ह’ असाच आहे. त्यामुळे ती पायरी त्यांनाही उडवते आणि तिथे मोकळी जागा ठेवते. करून बघा: ‘पाणी’चं ‘प ण’ होतं. ‘पुणे’चंही ‘प ण’. ‘पेण’चंही तेच. म्हणजे माणूस ‘पाणी’ म्हणाला आणि मशीनने ‘पुणे’ लिहिलं, तरी ही पायरी वापरून मोजलं तर चूक शून्य! भारतीय लिप्यांच्या बाबतीत या पायरीने आकडे खोटे खोटे चांगले दिसतात, हे २०२४ मध्ये शोधनिबंधातून दाखवून झालंय. तेव्हा कुठल्याही मराठी मॉडेलचा एरर रेट कुणी सांगितला की पहिला प्रश्न हा विचारायचा: मात्रा ठेवून मोजलात की काढून?

व्हिस्परचा पाया ६,८०,००० तासांच्या आवाजाचा आहे. ऐकायला केवढं वाटतं. पण त्याच निबंधाच्या परिशिष्टात भाषावार तास दिलेत, आणि मराठीच्या लिप्यंतरासाठीचा हिशेब एक तासही भरत नाही. नंतरच्या आवृत्त्यांत डेटा वाढला, कामही सुधारलं. पण ‘नव्वदहून जास्त भाषा चालतात’ असं लिहिलेलं दिसलं की मला आमच्याकडचं एसटीचं वेळापत्रक आठवतं. गाडी लावलेली असते, येते की नाही ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडेही काम झालंय आणि ते चांगलं आहे. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ने व्हिस्परला बारा भारतीय भाषांतल्या १०,७०० तासांच्या आवाजावर पुन्हा शिकवलं आणि ५९ चाचण्यांपैकी ३९ मध्ये ते सगळ्यात कमी चुकलं. मराठीसाठी सुरुवात करायची तर मी इथून करेन. पण हे आवाज आले कुठून तेही बघायला हवं. त्यांच्या ‘श्रुतलिपी’ या संग्रहातले ६,४०० हून जास्त तास आकाशवाणीच्या बातम्यांतून घेतलेत. बातमीदार एकटा बोलतो, बंद खोलीत बोलतो, समोर लिहिलेलं वाचतो आणि त्याचं बोलणं कुणी मधे तोडत नाही. आमच्या सभेत यातलं एकही होत नाही. त्यानंतरचा ‘इंडिकव्हॉइसेस’ हा संग्रह १४५ जिल्ह्यांत फिरून गोळा केलाय, ७,३४८ तासांचा. त्यात लोक आपल्या मनाने बोलतात, पण दोघांमधला खरा संवाद १७ टक्केच आहे. एकाच वेळी सहाजण बोलताहेत, मागून ट्रॅक्टर चाललाय, माइक सरपंचांपुढे आणि बायका पार भिंतीकडेला बसलेल्या, असा आवाज कुठल्या संग्रहात भरपूर असणार?

याचा परिणाम समान पडत नाही. जो माइकजवळ बसतो तो इतिवृत्तात येतो. अमेरिकेत २०२० मध्ये अ‍ॅलिसन कोनेकी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाचांची मॉडेल्स तपासली. गोऱ्या बोलणाऱ्यांच्या बाबतीत शंभरात १९ शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ३५. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि घाटाखालच्या, डोंगराच्या कडेच्या मराठीत असं मोजमाप करायला हवं. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी वाड्यांत तर ग्रामसभेला पेसा कायद्याचे जादा अधिकार आहेत. तिथलं इतिवृत्त म्हणजे कायद्याचा कागद. विषय शोधत असाल तर हा घ्या.

याच कोनेकींचा २०२४ चा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. त्यांनी व्हिस्परला इंग्रजी आवाजाचे तुकडे दिले, त्यात मेंदूच्या आजारामुळे अडखळत बोलणारी माणसंही होती. सुमारे १ टक्का तुकड्यांत व्हिस्परने कुणी न उच्चारलेली अख्खी वाक्यं घातली. त्या रचलेल्या मजकुरातला ३८ टक्के अपायकारक होता: हिंसा, खोटी नाती, खोटा अधिकार. बोलण्यात थांबा जितके जास्त तितकं हे वाढत होतं. आता आपल्या सभेतला थांबा आठवा. अडचणीचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. माणूस त्या शांततेचा अर्थ लावतो. मशीन तिथे वाक्य भरू शकतं.

आणि हे झालं मजकुरापुरतं. सार त्याच्या पुढची पायरी आहे, माझा मोठा आक्षेप तिथेच आहे.

‘बघू’ हा शब्द घ्या. गाइड ‘बघू’ म्हणाले की नाही म्हणाले, हे पहिल्या सेमिस्टरला कळतं. ‘करू की’ म्हणजे आत्ता नाही. ‘तुम्ही म्हणता तर’ म्हणजे मला पटलेलं नाही, पण भांडत नाही. ‘हो हो’ दोनदा आलं तर विषय संपवायचाय. मीटिंगच्या सारात याचं काय होतं? आमच्या एका बैठकीत कुणीतरी सुचवलं, पुढच्या आठवड्यात विहिरींचे नमुने पुन्हा घेऊ. एकजण म्हणाला, ‘बघू’. बाकीचे गप्प. एका सशुल्क साधनाने (नाव सोडा) खाली ठळक अक्षरांत लिहून दिलं: निर्णय, पुढील आठवड्यात नमुने घेणे. शेजारी जबाबदार व्यक्ती म्हणून ‘बघू’ म्हणणाऱ्याचं नाव. तो बिचारा तीन दिवस सगळ्यांना सांगत फिरला की मी कबूल केलेलं नाही.

हा बिघाड नाही. साधन बनवलंय तेच ‘निर्णय’ आणि ‘पुढची कामं’ काढून द्यायला. त्या चौकटी रिकाम्या ठेवणं त्याला शोभत नाही. ज्या बैठकीत काहीच ठरलं नाही, तिचं सारही ठरल्यासारखं दिसतं. सभासारबद्दल सांगताना मंत्रालयाने देशभरच्या इतिवृत्तांत एकसारखेपणा येईल हा फायदा म्हणून मांडलाय. मला धास्ती नेमकी त्याची आहे. आपल्या प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आधीच इतके स्वस्त झालेत की सूचक-अनुमोदकांची नावं घालून ते सवयीने लिहिले जातात. अशाच इतिवृत्तांच्या साच्यात सार काढणारं मशीन विरोधाची ओळ ठेवेल की साचा पूर्ण करेल? कुणी, काय शब्दांत, किती जोराने विरोध केला, हे गेलं तर इतिवृत्त टापटीप होईल आणि निरुपयोगी होईल. सामाजिक शास्त्रांतल्या मुलांसाठी तर विदाच तिथे आहे. आम्हा विज्ञानवाल्यांनाही मुलाखती घ्याव्या लागतात, विहिरीला पाणी कधी आटतं हे उपकरण कमी सांगतं आणि म्हातारी माणसं जास्त.

भाषांतराचा एक जाता जाता नमुना. या भागात कुणी बिबट्याला बिबट्या म्हणत नाही, ‘वाघ’ म्हणतात. ‘काल वस्तीवर वाघ आला’. आधी इंग्रजी करून मग सार काढणारं साधन तिथे सरळ ‘टायगर’ लिहील. जुन्नर वनविभागात पट्टेरी वाघ नाही हे वनरक्षकाला माहीत आहे, दिल्लीत बसून हजार गावांची सारं एकत्र मोजणाऱ्याला नाही. गावाच्या नावाचंही तसंच. कळंब नावाची तालुक्याची ठिकाणं धाराशिवला आहे, यवतमाळला आहे. सारात जिल्हा तुम्ही न सांगता जोडला गेला असेल तर तो आधी तपासा.

खोडदची जीएमआरटी आमच्यापासून लांब नाही. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिथल्या निरीक्षणाची प्रतिमा तयार झाली म्हणून मूळ विदा कुणी पुसत नाही. ती जपतात, आणि ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या संशोधकालाही मिळते, त्याने पुन्हा प्रतिमा काढावी, वेगळं काही दिसतं का बघावं. मीटिंगच्या बाबतीत मात्र आपण सार ठेवतो आणि आवाज उडवतो. काही साधनं तर ठरावीक दिवसांनी स्वतःच उडवतात. साराच्या प्रत्येक ओळीवरून मूळ आवाजाच्या त्या सेकंदावर जाता येत नसेल, तर ते साधन संशोधनासाठी घेऊ नये, मग ते कितीही स्वस्त असो. माझ्यापुरती ही एक अट बाकी सगळ्या अटींच्या वर आहे.

संमतीचं थोडक्यात सांगते, कारण यावर तुमच्या संस्थेची नीतिसमिती बोलेलच. बैठकीत आपोआप शिरणारा ‘बॉट’ सगळ्यांना विचारून शिरतोय का? ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात ऑटर या कंपनीवर याच मुद्द्यावर दावा दाखल झाला: सगळ्यांची परवानगी न घेता रेकॉर्डिंग केलं आणि ते मॉडेल शिकवायला वापरलं, असा आरोप आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण अटींसह, आणि ती सवलत तुम्हाला आहे, तुमचं रेकॉर्डिंग ज्या कंपनीच्या सर्व्हरवर गेलं तिला नाही. ‘रेकॉर्ड करू का?’ ला मावशींनी मान हलवली म्हणजे आवाज परदेशातल्या सर्व्हरवर पाठवायलाही हो म्हटलं, असा अर्थ काढू नका. त्यांना वेगळं विचारा, सोप्या शब्दांत.

मग करायचं काय? लॅबच्या इंग्रजी-मिश्र मीटिंगसाठी तुमच्या विद्यापीठाच्या खात्याबरोबर जे मिळतं ते वापरा, जास्त डोकं घालू नका. ‘कामं’ची यादी मीटिंग संपायच्या आत सगळ्यांसमोर वाचा, म्हणजे ‘बघू’वाल्याला तिथल्या तिथे बोलता येईल. फील्डवरच्या मराठीसाठी सारांश विकत घेऊच नका, उतारा घ्या. व्हिस्पर किंवा त्यावर बेतलेली भारतीय मॉडेल्स लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून चालतात. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवायचं. आवाज घराबाहेर जात नाही.

आणि निवड करण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी घ्या, दुसऱ्याच्या तक्त्यावर जाऊ नका. तुमच्याच एखाद्या बैठकीतली दहा मिनिटं, शक्यतो सगळ्यात गोंगाटाची, हाताने उतरवून काढा. दोन तास मोडतील, मोडू द्या. त्यात सगळे नकार लाल पेनाने खुणा करा, सगळे आकडे निळ्याने: गुंठे, फूट, तारखा, क्रेट, रुपये. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ असे शब्द वेगळे काढा, मशीन तिथे हटकून अडखळतं. मग साधनाचा उतारा शेजारी ठेवा आणि फक्त लाल-निळं तपासा. बाकीच्या चुका सोडून द्या. लालमधला एक जरी गेला असेल तर त्या साधनाचा उतारा आवाज ऐकल्याशिवाय वापरायचा नाही. दोन-तीन गेले तर दुसरं साधन बघा.

मायक्रोफोनवर थोडे पैसे घाला, वर्गणीपेक्षा ते जास्त कामाला येतात. आणि शक्य असेल तर तो सरपंचांच्या टेबलावरून उचलून भिंतीकडे ठेवा.